पान येण्याची शक्यता आणि पानाची किंमत

वाचकाचे पत्र, थोडक्यात: परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मोठ्या भावासोबत कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्या चौतीस वर्षांच्या वाचकाचे हे पत्र आहे. पूर्वी ते मोबाइलवर पैसे लावून पोकर खेळत. अशा ऑनलाइन खेळांवर बंदी आल्यापासून पाच-सहा मित्र दर शनिवारी रात्री एकाच्या शेतातल्या आखाड्यावर जमतात आणि तोच खेळ पत्त्यांवर खेळतात. त्यांची तक्रार अशी की एकाच रंगाची चार पाने जुळली की पाचवे येतच नाही. ते लिहितात, "फ्लश पूर्ण होण्याची शक्यता ३५ टक्के असते हे मी पक्के वाचले आहे. म्हणजे तीनदा धरून बसलो तर एकदा तरी यायलाच हवे. माझे मात्र सलग सात वेळा चुकले." कोणी म्हणतो त्यांचा हातच चांगला नाही, तर कोणी म्हणतो ड्रॉ (एका पानासाठी अडलेला हात) कधी सोडू नये, कारण सोडला की नेमके तेच पान येते. दर शनिवारी हजार-दीड हजार रुपये जातात. एकदा दुकानाच्या गल्ल्यातले ५,००० रुपये नेले होते, ते सोमवारी सकाळी परत ठेवले, "त्यामुळे कोणाचे काही गेले नाही." नमुन्यादाखल त्यांनी एक डाव पानापानाने लिहून पाठवला आहे आणि विचारले आहे की दोष नशिबाचा की गणिताचा, आणि ड्रॉच्या मागे लागणे सोडून द्यावे का.

सप्रेम नमस्कार.

तुम्ही तो डाव पानांसकट आणि रकमांसकट लिहून पाठवलात हे फार चांगले केलेत. एरवी अशा पत्रांत "पान आले नाही" एवढेच असते आणि त्यावरून काहीच सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येते, म्हणून आधी तो डावच पुन्हा मांडतो. हा खेळ न खेळणाऱ्यांसाठी एवढे सांगायला हवे की होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडी होतात. त्यांपैकी पहिली तीन एकदम उतरतात, तो फ्लॉप. चौथे पान म्हणजे टर्न आणि पाचवे म्हणजे रिव्हर. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावले जातात. मध्ये जमलेली रक्कम म्हणजे पॉट, समोरच्याइतकेच पैसे घालून डावात राहणे म्हणजे कॉल आणि पाने टाकणे म्हणजे डाव सोडणे. हातातली आणि मधली मिळून एकाच रंगाची पाच पाने झाली की तो फ्लश.

तुमच्या हाती बदामाची अठ्ठी आणि सत्ती होती. फ्लॉपवर बदामाचा राजा, बदामाची तिर्री आणि किलवरची दश्शी उतरली. पॉटमध्ये ६०० रुपये होते. बाकीच्यांनी पाने टाकली, एका मित्राने ४०० लावले आणि तुम्ही कॉल दिलात. टर्नला इस्पिकची चौकी आली. आता पॉट १,४०० झाला होता. त्याने १,००० लावले, तुम्ही पुन्हा कॉल दिलात. रिव्हरला चौकटची राणी आली आणि तुम्ही पाने टाकून दिलीत.

तुम्ही वाचलेला ३५ टक्क्यांचा आकडा बरोबर आहे. तो कुठून येतो ते पाहिले की तो कुठे लागू होत नाही हेही दिसते. पत्त्यांच्या कॅटमध्ये ५२ पाने असतात. फ्लॉपनंतर तुम्हाला पाच पाने दिसतात, न दिसणारी ४७ उरतात. बदामाची एकूण १३ पाने, त्यांतली चार तुमच्यासमोर आहेत, म्हणजे तुमच्या कामाची ९ बाकी. या ९ पानांना पोकरमध्ये 'आउट्स' म्हणतात. टर्नला बदाम येण्याची शक्यता ४७ पैकी ९, म्हणजे १९ टक्क्यांच्या थोडी वर. टर्नला नाही आला तर रिव्हरला ४६ पैकी ९, म्हणजे साडेएकोणीस टक्के. दोन्ही वेळा न येण्याची शक्यता ६५ टक्के, म्हणून दोहोंपैकी एकदा तरी येण्याची ३५ टक्के.

म्हणजे ३५ टक्के ही दोन पाने मिळून असलेली शक्यता आहे. तुम्ही ४०० रुपये दिलेत ते एका पानासाठी. दुसरे पान पाहायला आणखी १,००० मोजावे लागले. तुम्ही मात्र फ्लॉपवर ३५ टक्के धरून कॉल दिलात, आणि टर्नवर एकच पान उरलेले असतानाही तेच ३५ मनात ठेवून पुन्हा कॉल दिलात. तुमच्या पत्रातली खरी चूक ही आहे, आणि सांगायला हवे की ती करणारे तुम्ही एकटे नाही. हा खेळ चार-दोन वर्षे खेळलेली माणसेही हेच करतात, कारण ३५ हा आकडा लक्षात राहतो आणि त्याच्यामागची अट राहत नाही.

आता किंमतीकडे वळू, कारण नुसत्या शक्यतेवरून कोणताच निर्णय होत नाही. फ्लॉपवर मित्राने पैसे लावल्यावर पॉटमध्ये १,००० रुपये झाले होते आणि तुम्हाला ४०० घालायचे होते. तुमचे धरून पॉट १,४०० होणार. ४०० ही रक्कम १,४०० च्या २८.६ टक्के आहे, म्हणून हा कॉल परवडायला पान येण्याची शक्यता निदान तेवढी हवी होती. ती होती १९. टर्नवर ३,४०० पैकी १,००० तुमचे, म्हणजे २९.४ टक्के हवे होते आणि होते साडेएकोणीस. पुढच्या बोलींचा विचार तूर्त बाजूला ठेवला, तर फ्लॉपवरचा तसा प्रत्येक कॉल सरासरी १३२ रुपयांनी तोट्याचा आणि टर्नवरचा सुमारे ३३५ रुपयांनी.

हे नुकसान पान न आल्यामुळे झालेले नाही, एवढे कृपा करून नीट समजून घ्या. रिव्हरला चौकटच्या राणीऐवजी बदामाची राणी आली असती आणि सगळा पॉट तुमच्या पुढ्यात आला असता, तरी कॉल देण्याच्या क्षणी तो निर्णय तेवढाच महाग होता. पैसे आले असते, निर्णय सुधारला नसता.

उलट बाजूही पाहा. तीच पाने, तोच ६०० चा पॉट, तेच ४०० रुपये. फरक एवढाच की ते ४०० म्हणजे त्या मित्राकडचे शेवटचे पैसे आहेत, तो ऑल-इन गेला आहे. आता पुढे कोणी काही लावू शकत नाही, म्हणजे त्याच ४०० मध्ये तुम्हाला टर्न आणि रिव्हर अशी दोन्ही पाने दिसतात. हवे होते २८.६ टक्के, मिळत आहेत ३५. हा कॉल सरासरी ९० रुपये नफ्याचा आहे, आणि पान न येता तुम्ही तो हरलात तरी तो बरोबरच राहतो. "ड्रॉ कधी सोडू नये" हा तुमच्या मित्राचा सल्ला आणि "ड्रॉच्या मागे लागणेच सोडावे का" हा तुमचा प्रश्न, दोन्ही मला म्हणूनच अपुरे वाटतात. एकच हात एका किमतीला घेण्यासारखा असतो आणि दुसऱ्या किमतीला टाकण्यासारखा.

संभाव्यतेच्या गणिताचा पाया ज्या प्रश्नाने घातला, तोही याच जातीचा होता. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा या दोन फ्रेंच गणितज्ञांनी पत्रव्यवहारातून सोडवलेला प्रश्न असा: दोन खेळाडूंचा डाव अर्ध्यावर मोडला, तर लावलेली रक्कम दोघांत कशी वाटावी? आतापर्यंत कोण पुढे आहे यापेक्षा उरलेल्या खेळात कोणाला किती वाटा मिळू शकतो ते मोजावे, हे त्यांचे उत्तर. ड्रॉ हाही अर्धवट डावच आहे. तुमच्या हातात फ्लश नसतो. फ्लशचा ४७ पैकी ९ एवढा वाटा असतो आणि त्या वाट्याची किंमत काढता येते. आपल्याकडे नलोपाख्यानातला ऋतुपर्ण बेहड्याच्या फांद्यांवरची पाने आणि फळे अंदाजाने अचूक सांगतो आणि तोच नळाला अक्षविद्या देतो. मोजणी येणाऱ्याकडेच फाशांची विद्या असते, हे त्या कथेने सहज गृहीत धरले आहे.

तुमचे दुसरे गृहीत "तीनदा धरले तर एकदा यायलाच हवे" हे आहे. इथे मी तुमच्याच दुकानातले उदाहरण घेतो. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणक्षमता किमान ७० टक्के असावी लागते आणि घरचे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याला तुम्हीच सांगत असाल की शंभर दाणे मोजून घ्या, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडा, गुंडाळी करून ओल टिकवा आणि आठवड्याने कोंब मोजा. गुंडाळी उघडल्यावर प्रत्येक ओळीत बरोबर सात कोंब तुम्ही कधी पाहिलेत का? एका ओळीत नऊ असतात, शेजारच्या ओळीत पाच असतात. पाचच्या ओळीला कोणी दुर्दैवी म्हणत नाही आणि पुढच्या ओळीने ती तूट भरून काढावी अशी अपेक्षाही ठेवत नाही. दहा दाण्यांवरून निवाडा करायचा नसतो, म्हणून तर शंभर घेतो. आणि उगवण कमी दिसली तर एकरी बियाणे वाढवतो, म्हणजे शक्यतेप्रमाणे व्यवहार बदलतो. हा सगळा विवेक तुमच्यापाशी जून महिन्यात असतो, शनिवारी रात्री तो आखाड्यावर सोबत न्यायचा राहून जातो.

आकड्यांत सांगायचे तर दोन्ही पाने पाहूनही फ्लश तीन वेळा सलग चुकण्याची शक्यता साडेसत्तावीस टक्के आहे, चारात एकाहून जास्त. सलग सात वेळा चुकण्याची सुमारे ५ टक्के, म्हणजे वीसात एकदा. आणि वर्षभर खेळताना अशी एखादी मालिका कधीतरी येणारच. शिवाय त्या सातांपैकी काही हात तुम्ही टर्ननंतर सोडले असतील, असे मला वाटते. तसे असेल तर त्या डावांत तुम्ही एकच पान पाहिलेत. सातही डावांत एकेकच पान पाहिले असते, तर सातही वेळा चुकण्याची शक्यता साधारण २३ टक्के झाली असती. त्यात विलक्षण काहीच नाही. आठव्या वेळी शक्यता किती? तेवढीच, जेवढी पहिल्या वेळी होती. कॅट दर वेळी नव्याने पिसला जातो. आधीच्या सात डावांची कोणतीही खूण त्या पानांवर नसते.

"सोडला की नेमके तेच पान येते" हेही असेच. सोडल्यावर पुढचे पान बदाम निघणे पाचात जवळजवळ एकदा होणारच. ती एक वेळ जिव्हारी लागते आणि महिनोन्‌महिने आठवते. उरलेल्या चार वेळा आपण चहाचा कप उचलतो आणि विसरतो. तुमच्या बैठकीत डाव संपल्यावर पुढचे पान उलटून "बघ, तुझाच बदाम होता" असे दाखवण्याची सवय असणार. बहुतेक ठिकाणी असते. ती आधी बंद करा. त्या पानाने तुमच्या निर्णयाबद्दल काहीही कळत नाही, आणि पुढच्या वेळी न परवडणारा कॉल देण्याची ओढ तेवढी वाढते.

एक शंका तुम्ही ओझरती मांडली आहे, ती अनेकांना पडते: बाकीच्यांच्या हातातच बदाम गेले असतील तर ९ कसे मोजायचे? गेले असतीलही. पण मित्रांच्या हातात बदाम गेले असण्याची शक्यता जशी आहे तशीच त्यांच्याकडे इस्पिक, किलवर आणि चौकट गेल्याचीही आहे. जोवर ती पाने आपल्याला दिसत नाहीत, तोवर ती कॅटमध्ये असोत की कोणाच्या मुठीत, हिशेबासाठी सारखीच. म्हणून ४७ हीच संख्या धरायची.

याहून गंभीर प्रश्न तुम्ही विचारलेला नाही: फ्लश पूर्ण झाला म्हणजे डाव जिंकलाच का? तुमच्या हाती अठ्ठी-सत्ती होती. बदामाचे पाचवे पान उतरल्यावर ज्याच्याकडे बदामाचा एक्का, राणी किंवा गुलाम आणि सोबत दुसरा एखादा बदाम असेल, त्याचा फ्लश तुमच्यावर चढेल. त्या वेळी पान येणे हे न येण्याहून महाग पडते, कारण फ्लश हाती आल्यावर माणूस सोडत नाही. शिवाय तुमच्या नऊ आउट्समध्ये बदामाची दश्शी आहे. ती आली की मध्ये दश्शीची जोडी होते, आणि समोरच्याकडे तीन राजे किंवा तीन तिर्र्या जुळलेल्या असतील तर त्याचे फुल हाउस (तीन सारखी आणि दोन सारखी पाने, फ्लशहून वरचढ) होते. नऊ पाने आपली म्हणताना ती सगळी निखळ आपली आहेत का, हे दर वेळी पाहायला हवे. म्हणूनच एक्का असलेला फ्लशचा ड्रॉ आणि अठ्ठीचा ड्रॉ यांची टक्केवारी सारखी असूनही मोल सारखे नसते.

अनुभवी खेळाडू याला दुसरी बाजू सांगतील आणि ती खरी आहे: पान आल्यावर समोरच्याकडून आणखी पैसे निघतात, तेही हिशेबात धरायला हवेत. धरू या. तुमच्या फ्लॉपवरच्या ४०० च्या कॉलची भरपाई व्हायला फ्लश लागल्यावर पुढच्या बोलींतून सरासरी सुमारे ६९० रुपये आणखी मिळायला हवे होते. तिसरा बदाम मध्ये उतरल्यावर तो सगळ्यांनाच दिसतो. ज्या मित्रांनी तुम्हाला वर्षभर फ्लशच्या मागे लागताना पाहिले आहे, ते त्यानंतर तुम्हाला ६९० रुपये देतील का, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगले सांगू शकाल. माझा अंदाज, क्वचितच.

मग ड्रॉ कधी धरावा? एकच पान पाहायचे असेल आणि फ्लशचे नऊ आउट्स असतील, तर समोरच्याची बोली पॉटच्या साधारण ३० टक्क्यांपर्यंत असावी. ६०० च्या पॉटमध्ये त्याने १०० लावले, तर ८०० पैकी तुमचे १००, म्हणजे साडेबारा टक्के पुरतात आणि तुमच्याकडे १९ आहेत. आनंदाने कॉल द्या. अर्ध्या पॉटची बोली आली तर २५ टक्के लागतात, पूर्ण पॉटची आली तर ३३. हे दोन आकडे पाठ असले की बहुतेक प्रसंग निभावतात. टक्केवारी झटपट काढायला आउट्सना एका पानासाठी २ ने आणि दोन पानांसाठी ४ ने गुणतात. पण ४ ने गुणायचे ते फक्त दोन्ही पाने त्याच पैशांत दिसणार असतील तेव्हा. आउट्स पुष्कळ असले की हा ठोकताळा फुगतो: फ्लश आणि दोन्ही बाजूंनी उघडा स्ट्रेट (ओळीने लागणारी पाच पाने) असे दोन्ही ड्रॉ एकत्र असले तर १५ आउट्स होतात, गुणाकार ६० दाखवतो आणि खरी शक्यता ५४ असते. तरीही ती अर्ध्याहून जास्त आहे, आणि असा हात जवळपास कोणत्याही किमतीला धरण्याजोगा असतो. चांगल्या ड्रॉवर स्वतःच पैसे लावणे हाही एक मार्ग आहे, कारण मग समोरचा पाने टाकूनही तुम्ही जिंकू शकता. पण ज्या बैठकीत कोणी पानेच टाकत नाही तिथे त्याचा उपयोग थोडा.

इथवरचे गणित तुम्ही आत्मसात कराल याची मला खात्री आहे. ते आल्यावर पैसे परत मिळतील का, याबद्दल मात्र तुम्हाला खोटी आशा द्यायची नाही. हाती एकाच रंगाची दोन पाने पडणे आणि त्यावर फ्लॉपला त्याच रंगाची नेमकी दोन येणे, हा योग साधारण ३९ डावांत एकदा येतो. एका रात्रीत सत्तर-ऐंशी डाव झाले तर असे ड्रॉ दोनच. म्हणजे शंभर ड्रॉ व्हायला वर्षभराचे शनिवार लागतील आणि तोवर बरोबर खेळणारा मागे आणि चुकीचा खेळणारा पुढे असे खुशाल घडू शकते. योग्य निर्णयांचा लाभ दिसायला पुष्कळ डाव जावे लागतात आणि तेवढे डाव टिकायला असा पैसा लागतो जो गेला तरी चालेल. आणि तुम्ही जिंकलात तरी ते पैसे त्या पाच मित्रांच्याच खिशातून येणार.

म्हणून गल्ल्यातल्या ५,००० रुपयांबद्दल बोलणे भाग आहे. तुम्ही लिहिता, परत ठेवले म्हणून कोणाचे काही गेले नाही. फ्लश लागला म्हणून कॉल बरोबर होता, असे म्हणण्यासारखेच हे आहे. शनिवारी ते पैसे उचलताना सोमवारी ते परत येतील याची काहीच हमी नव्हती. डाव उलटा गेला असता तर सोमवारी सकाळी तुम्ही भावाला काय सांगितले असतेत? जे पैसे सोमवारी परत हवेतच, त्यांनी शक्यतांचा खेळ खेळताच येत नाही, कारण त्यांना वाईट मालिका सोसण्याची मुभा नसते. भावाला ही गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगा, असा माझा आग्रह आहे. पैसे जागेवर आहेत तोवर सांगणे सोपे आहे, आणि सांगितल्यावर तो दरवाजा तुमच्यासाठीही बंद होईल. पेरणीच्या तोंडावर गल्ल्यात मोठी रक्कम असते, तेव्हा हे त्याआधीच उरका.

कायद्याचेही सांगायला हवे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी घातली आणि त्यात खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद ठेवलेला नाही. तेव्हा कोणी आडवाटेच्या ॲपची लिंक पाठवली तर तिकडे फिरकू नका. प्रत्यक्ष बैठकीला महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७ लागू होऊ शकतो. जागा जुगाराचा अड्डा ठरली तर ती चालवणारा आणि तिथे सापडलेले, दोघांवरही कारवाई होते. पोकर हा कौशल्याचा खेळ आहे की नाही, यावर न्यायालयांत वेगवेगळी मते आलेली आहेत, त्या भरवशावर मित्राचा आखाडा पणाला लावू नये.

माझा सल्ला असा की पुढचे तीन महिने बैठक चालू ठेवा आणि पैसे बंद ठेवा. प्रत्येकाने दोनशे चिंचोके घेऊन बसावे, संपले की त्या रात्रीपुरता त्याचा खेळ संपला, उसने नाही. पहिल्या शनिवारी मजा येणार नाही, दोघे-तिघे कुरकुर करतील. पण तुम्हाला शिकायचे आहे ते चिंचोक्यांवर तंतोतंत शिकता येते, कारण शक्यता चिंचोका आणि नोट यांत फरक करत नाही. सोबत एक वही ठेवा. ड्रॉ आला की पुढचे पान उघडण्याआधी पॉट, बोली, आउट्स, लागणारे टक्के, असणारे टक्के आणि तुमचा निर्णय एवढे लिहा. पान आले की नाही हे त्याच पानावर लिहू नका, वहीच्या मागच्या बाजूला लिहा. महिनाअखेरीस पुढचा भाग वाचताना निर्णय बरोबर होते की नाही एवढेच तपासा. वाचताना दिसेल की काही बरोबर निर्णय हरले आणि काही चुकीचे जिंकले, आणि दोन्ही प्रकार वेगळे ओळखू येऊ लागतील.

चिंचोक्यांवर खेळणे सपक वाटून पैशांशिवाय बसवतच नाही असे आढळले, किंवा गेलेले भरून काढण्यासाठी पुन्हा कुठून तरी रक्कम उचलावीशी वाटली, तर तिथे आउट्स मोजून भागणार नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, तिथे बोला. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातही जाता येते. पत्रावरून तुम्ही त्या टप्प्यावर असाल असे मला वाटत नाही. पण गल्ल्याची ती एक ओळ वाचून हे लिहिल्याशिवाय राहवले नाही, आणि तुमच्यासारख्याच कोणा दुसऱ्या वाचकाला त्याची गरज आज असू शकते.

ताजा कलम: मधले एकच पान अडलेल्या स्ट्रेटबद्दल तुम्ही विचारले आहे, उदाहरणार्थ पंजी, छक्की, अठ्ठी, नव्वी हाती असून सत्ती हवी आहे. त्याला चारच आउट्स असतात. एका पानाला साडेआठ टक्के, दोन्ही मिळून साडेसोळा. फ्लॉपवर समोरच्याने १०० रुपये लावले, तर ते धरून पॉटमध्ये निदान १,०७५ रुपये असतील तेव्हाच टर्नचे पान पाहायला कॉल द्या. त्याहून कमी असतील तर पाने खाली ठेवा.